चाच्यांची जहाजं नेमकी कुठली? (शीर्षकात बदल केला आहे, कारण प्रतिसादांत)

सागरगोटा

गेल्या रविवारी भाच्याने मला तोंडघशी पाडलं. वय वर्षं अकरा. मोबाइलवर चाच्यांचा खेळ रंगला होता आणि नाणी जमवून नवीन जहाज घ्यायची वेळ आली होती. "मामा, स्कूनर घेऊ का ब्रिग?" मी चहाचा कप खाली न ठेवता सांगून टाकलं, "स्कूनर घे. ब्लॅकबिअर्डपासून सगळे स्कूनरच वापरायचे." रात्री जरा खात्री करायला बसलो आणि निघालं भलतंच. म्हणून हा धागा. मी काही दर्यावर्दी नाही, भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलं तरी माझ्या पोटात कालवतं. चुकलं तिथे कान धरा.

काळ म्हणाल तर साधारण १६९० ते १७२५. जागा म्हणजे कॅरिबियन बेटं, अमेरिकेचा पूर्व किनारा, पश्चिम आफ्रिका आणि मादागास्करपासून सुरतेपर्यंतचा समुद्र.

स्कूनरची गोष्ट अशी की मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर गावचे लोक पहिली स्कूनर आपल्याकडे १७१३ च्या सुमारास पाण्यात उतरली असं सांगतात. ब्लॅकबिअर्ड मेला १७१८ मध्ये. म्हणजे त्याच्या हयातीत ही दोन डोलकाठ्यांची बोट अजून नवी नवरी होती. एडवर्ड लो नावाच्या चाच्याने मार्बलहेडच्या मच्छीमारांची एक स्कूनर बळकावली ती १७२२ मध्ये, म्हणजे तमाशा संपत आल्यावर.

मग आधीचे वापरायचे काय? त्यासाठी शिडांचे दोन प्रकार समजून घ्यावे लागले.

एक चौकोनी शीड. डोलकाठीला परबाण (शिडाची काठी) आडवं बांधलेलं आणि त्याला पडद्यासारखं लोंबणारं कापड. वारा पाठीमागून असला की याच्यासारखं सुख नाही. दुसरं लांबीच्या रेषेत लावलेलं शीड. हे दारासारखं असतं, डोलकाठी म्हणजे चौकट आणि शीड म्हणजे फळी, हवं तसं उघडा-मिटा. वारा समोरून येत असला तर नागमोडी जात पुढे सरकायला हे बरं पडतं. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेला साधारण ६५-७० अंशांहून जवळ जाऊ शकत नाही, दुसऱ्या प्रकारचं ५०-५५ पर्यंत जातं. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण कॅरिबियनमध्ये वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडूनच वाहतो. पाठलाग होत असेल आणि तुम्ही पूर्वेकडे वळलात, तर तेवढ्या १५ अंशांत मान वाचते.

स्लूप म्हणजे एकच डोलकाठी, तिला ते दारासारखं मोठं शीड, आणि पुढे भाल्यासारखी लांब काठी. ब्रिगँटाइनला डोलकाठ्या दोन, पुढची चौकोनी शिडांची, मागचीला खाली दारासारखं शीड (दोन्ही चौकोनी शिडांच्या असल्या तर ती ब्रिग). आणि तीन डोलकाठ्या, तिन्हींवर चौकोनी शिडं असली तर त्याला नुसतंच 'शिप' म्हणायचे. आपण सिनेमात बघतो ते हे तिसरं.

तर मंडळी, माझा प्रश्न. सिनेमातलं ते भलंमोठं जहाज किती चाच्यांकडे खरोखर होतं? आणि भाच्याला आता काय सांगू?

खट्याळ मांजर

भाच्याला सांगा, मामाच्या पगारात स्लूपच बसते.

डोलकाठी

चांगला धागा. ३१ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, पण शिडाच्या जहाजावर फक्त प्रशिक्षणाचे काही महिने. तरी लिहितो.

एक दुरुस्ती. 'डोलकाठ्या आणि शिडं मोजली की जहाजाचा प्रकार कळला' ही शिस्त बरीच पुढची. त्या काळी नावं सैल होती. काही नावं सांगाड्यावरून पडली होती, उदाहरणार्थ डचांचं फ्लूट. पोट सुटलेल्या माणसासारखं खाली गरगरीत आणि वर डेक अरुंद. माल भरपूर, खलाशी थोडे, तोफा जवळजवळ नाहीत. व्यापाऱ्याला परवडणारं आणि चाच्याला त्याहून परवडणारं! पण लुटायला, वापरायला नव्हे, कारण ते पळत नाही. ब्रिगँटाइन हा शब्द तर एकाच जहाजाबद्दल एका कागदात आहे नि दुसऱ्यात नाही, असंही होतं.

आता मूळ प्रश्न. चाचे जहाज निवडत नसत, जे मिळेल ते घेत. गोदीत जाऊन ऑर्डर देणारा चाचा मला एकच आठवतो, बार्बाडोसचा ऊसमळेवाला स्टीड बॉनेट. त्याने १७१७ मध्ये स्वतःच्या पैशाने १० तोफांची स्लूप उभी केली, तिचं नाव ठेवलं 'रिव्हेंज', आणि खलाशांना लुटीत वाटा देण्याऐवजी चक्क पगार दिला. समुद्रावरचं त्याला काही कळत नव्हतं. पुढच्याच वर्षी, १७१८ च्या डिसेंबरात, फासावर गेला.

बाकी सगळ्यांची सुरुवात त्याहून खालून व्हायची. सॅम बेलामी आणि त्याचे साथीदार तर आधी मोठ्या लाकडी डोणीतून वल्ही मारत फिरायचे. मग स्लूप, मग एक शिप, मग आणखी मोठं शिप. भाड्याच्या खोलीतून वन-बीएचके आणि तिथून टू-बीएचके असाच प्रवास, फक्त कर्ज न काढता.

सागरगोटा

डोलकाठीकाका, 'पोट सुटलेल्या माणसासारखं' हे भाच्याला वाचून दाखवलं. माझ्याकडे बघून हसला.

शंकासुर

माझी शंका. मोठं जहाज म्हणजे जास्त तोफा. जास्त तोफा म्हणजे जास्त धाक. मग सगळ्यांनी मोठंच का ठेवलं नाही? पाठलागात मार खाल्ला तरी तोफांनी भरून निघेल की.

डोलकाठी

मोठ्या जहाजाला तरंगायला पाणी जास्त खोल लागतं. सगळा खेळ तिथेच आहे. १७१८ पर्यंत चाच्यांचा अड्डा होता बहामातलं नासाऊ, आणि ते बंदर उथळ. आरमाराची मोठी जहाजं आत येऊ शकत नव्हती, स्लूप खुशाल यायच्या-जायच्या. तीच गोष्ट कॅरोलायनाच्या वाळूच्या दांड्यांची. तिथल्या खाड्यांमध्ये ओहोटीला मोठं जहाज म्हणजे चिखलात रुतलेली म्हैस.

दुसरं असं की चाच्यांना तोफांनी लढाई करायचीच नसायची. समोरचं जहाज फुटलं तर माल बुडाला आणि राहायचं घरही गेलं. त्यांचं हत्यार म्हणजे माणसं. १०० टनांच्या व्यापारी जहाजावर डझनभर खलाशी असायचे. तेवढ्याच आकाराच्या चाच्यांच्या स्लूपवर ७०-८० जण दाटीवाटीने उभे, सगळे ओरडतायत. व्यापारी कप्तान कशाला लढेल? जहाजही मालकाचं आणि मालही मालकाचा.

रॅलेकर

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, त्यामुळे हा विषय आमच्या घरचाच. बोफर्टला सागरी संग्रहालय आहे, तिथे ब्लॅकबिअर्डच्या 'क्वीन ॲन्स रिव्हेंज'वरच्या वस्तू मांडल्या आहेत. आईबाबा आले की प्रत्येक वेळी तिथे वारी होते. यंदा बाबांनी बाहेर येऊन विचारलं, "एवढा मोठा चाचा, आणि किनाऱ्याच्या एवढ्या जवळ बुडाला?"

तर त्याचं उत्तर वर डोलकाठींनी दिलंच आहे. हे जहाज मुळात 'ला काँकॉर्द', फ्रान्समधल्या नांत बंदराचं, साधारण २०० टनांचं. १७१७ च्या नोव्हेंबरात ब्लॅकबिअर्डने पकडलं आणि तोफा चढवत चढवत ४० वर नेल्या. त्याच जोरावर मे १७१८ मध्ये चार्ल्सटन बंदराचं नाक दाबून धरलं. आणि मागितलं काय? औषधांची पेटी! बंदर सुटल्यावर महिन्याच्या आत हेच जहाज बोफर्टच्या खाडीच्या तोंडाशी वाळूत घुसलं ते घुसलंच. मुद्दाम रुतवलं असा संशय त्याच्या माणसांनीच बोलून दाखवला होता, कारण बराचसा माल आणि निवडक माणसं घेऊन हा पठ्ठ्या लहान स्लूपवर बसून पसार झाला.

अवशेष १९९६ मध्ये मिळाले. ३० च्या आसपास तोफा, पण एका घडणीच्या नाहीत, काही इंग्लंडच्या, काही स्वीडनच्या. जिथून मिळाली तिथून उचललेली. त्यातच एक लहानशी धातूची पिचकारी सापडली, गुप्तरोगावर पारा टोचायची. बाबांनी त्याची माहिती वाचली आणि आईला म्हणाले, "चल, पुढचं दालन बघू." औषधांची पेटी कशाला हवी होती त्याचा थोडा अंदाज मला तेव्हा आला.

वेंगुर्ल्याची

'ला काँकॉर्द' नांतहून काय घेऊन निघालं होतं? रॅलेकर, तेही लिहा ना.

रॅलेकर

बरोबर आहे, लिहायला हवं होतं. गुलाम. पश्चिम आफ्रिकेतल्या व्हिडा बंदरात ५१६ माणसं भरली होती. पकडलं जाईपर्यंत त्यातली ६१ वाटेतच मेली होती. ब्लॅकबिअर्डने उरलेल्यांना बेक्वे बेटावर उतरवलं आणि फ्रेंच खलाशांना बदल्यात एक लहान स्लूप दिली, ४० टनांची. त्या फ्रेंचांनी तिचं नाव ठेवलं 'मोव्हेज राँकाँत्र', म्हणजे 'अभद्र गाठभेट'. आणि त्या स्लूपमधून दोन खेपा करून त्याच माणसांना मार्टिनिकला नेऊन विकलं. अभद्र गाठ नेमकी कोणाची कोणाशी पडली होती, हे त्या माणसांना विचारायला हवं होतं.

वेंगुर्ल्याची

धन्यवाद. हे मी मुद्दाम विचारलं, कारण बेलामीचं 'व्हिडा'सुद्धा गुलामवाहू जहाजच होतं. नावच त्या बंदराचं. लंडनला १७१५ मध्ये बांधलेलं, ३०० टनांचं. माणसं विकून परतीच्या वाटेला लागलेलं असताना फेब्रुवारी १७१७ मध्ये बेलामीने तीन दिवस पाठलाग करून धरलं. दोन सर्वांत गाजलेली 'चाच्यांची जहाजं', आणि दोन्ही माणसं कोंबून नेणारी. याला योगायोग म्हणायचं का?

डोलकाठी

योगायोग नाही. गुलामांचं जहाज रेंगाळलं तर आतली माणसं मरतात, आणि मालकाच्या हिशेबात तो 'माल' नासतो. म्हणून ही जहाजं चपळ बांधत. आतली माणसं कधी उठाव करतील याची धास्ती, म्हणून हत्यारं भरपूर. पोटात जागा मोठी. चपळ, हत्यारबंद, शे-दीडशे माणसं मावतील असं. चाच्याला लागणारं सगळं आयतं तयार, फक्त भिंती पाडायच्या.

आणि भिंती ते खरंच पाडत. हाती आलेलं जहाज तसंच्या तसं वापरत नसत. मधल्या खोल्या, मागच्या उंच माड्या, नक्षीकाम, सगळं तोडून डेक सपाट करायचे. वजन कमी, वाऱ्याला अडथळा कमी, लढायला जागा मोकळी. मग बाजूला भोकं पाडून तोफा. यासाठी सुतार लागतो, म्हणून लुटलेल्या जहाजावरून सुताराला सक्तीने उचलून न्यायचे. 'व्हिडा' २६ एप्रिल १७१७ ला मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडजवळ वादळात फुटलं, १४० वर माणसं मेली, दोनच वाचली. त्यातला एक असाच पकडून आणलेला वेल्श सुतार. खटल्यात तो सुटला.

खट्याळ मांजर

चांगला सुतार तेव्हाही उचलूनच आणावा लागायचा तर. आमच्याकडे किचन ट्रॉलीचं काम दिवाळीपासून अर्धवट आहे. कोणाकडे स्लूप आहे का?

पानपिसारा

वाचनखूण साठवली. रात्री सावकाश वाचणार.

बखरवाला

धाग्याचं नाव 'चाच्यांची जहाजं: स्लूप, ब्रिगँटाइन आणि आपली गुराबं' असं दिसतंय. अजून कोणी गुराबांवर, म्हणजे आंग्र्यांच्या लढाऊ जहाजांवर, लिहिलेलं नाही, पण शीर्षकालाच माझी हरकत आहे. कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणणारे कोण, तर त्यांनी ज्यांची जहाजं पकडली ते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केली आणि शाहू महाराजांकडून सरखेली कायम झाली. सरखेल म्हणजे राज्याच्या आरमाराचा प्रमुख. स्वतःच्या समुद्रात दस्तक (परवाना) न घेता फिरणाऱ्याला अडवणं याला जकात म्हणतात, चाचेगिरी नव्हे. पोर्तुगीज हेच काम शंभर-दीडशे वर्षं करत होते, त्यांच्या परवान्याला कोणी चाचेगिरी म्हटलं नाही.

शंकासुर

बखरवाला, तत्त्व मान्य. पण दस्तक असलेलीही जहाजं अडवल्याच्या तक्रारी मुंबईकर इंग्रज करतच होते. आणि इंग्रज राणीच्या परवान्याने स्पॅनिश जहाजं लुटणारे स्वतःला 'प्रायव्हेटिअर' म्हणवून घेत. स्पॅनिशांच्या लेखी ते चाचेच. मग शिक्कामोर्तब कोणाचं धरायचं?

बखरवाला

ज्याच्या किनाऱ्यावर उभे आहात त्याचं. प्रायव्हेटिअर दुसऱ्याच्या दारात जाऊन लुटायचा. आंग्रे आपल्या दारात उभे होते.

सागरगोटा

बखरवाला, हरकत मान्य, शीर्षक बदललं. पण गुराबांवर मात्र लिहाच. आपल्या धाग्यात स्लूप-ब्रिगचं एवढं कौतुक आणि गुराब वाऱ्यावर, हे बरं दिसत नाही.

बखरवाला

लिहितो. ज्याने वर्णन करून ठेवलं तो शत्रुपक्षाचाच, इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म. त्यामुळे कोणी अतिशयोक्ती म्हणणार नाही.

गुराबाला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. दोनवाल्या १५० टनांपर्यंत, तीनवाल्या ३०० पर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, आणि पाणी कमी लागणाऱ्या. गंमत पुढच्या टोकाला आहे. युरोपी जहाजाची नाळ गोलसर फुगीर असते. गुराबाची निमुळती होत चोचीसारखी पुढे निघते (अरबीत 'गुराब' म्हणजे कावळाच). त्या चोचीवर सपाट डेक, पण त्याला कठडा नाही. कारण अशी चोच समोरच्या लाटेत खुपसली जाणारच, मग पाणी वर चढलं तर ते दोन्ही अंगांनी निथळून जावं. आणि मागच्या आडभिंतीत दोन भोकं पाडून त्यातून दोन मोठ्या तोफा, ९ किंवा १२ पौंडी गोळ्यांच्या, त्या चोचीवरून थेट समोर मारा करणाऱ्या.

इथेच युरोपी जहाजाशी फरक पडतो. त्यांच्या तोफा बाजूला. मारायचं तर आडवं वळावं लागतं. गुराब मात्र समोरून चाल करता करताच मारते. वारा पडला की इंग्रज जहाज जागेवर डुलत उभं, आणि गुराबांना दोर बांधून गलबतं ओढत आणणार. गलबत म्हणजे फार तर ७० टनांचं, एक मोठं तिकोनी शीड, शिवाय ४०-५० वल्ही. शत्रूच्या मागच्या बाजूला यायचं, जिथे त्याच्या तोफा कमी, आणि आधी डोलकाठ्या तोडायच्या. पांगळं झालं की गलबतांतून माणसं चढलीच.

इंग्रजांनीही यावर डोकं चालवलं. १७२० मध्ये विजयदुर्गावर चालून जाताना 'फ्राम' नावाचा एक सपाट बुडाचा तरंगता तोफखाना बांधून आणला, किल्ल्याजवळ उथळ पाण्यात जाता यावं म्हणून. काही उपयोग झाला नाही.

वेंगुर्ल्याची

तिकोन्या शिडावरून आठवलं. माझे आजोबा फत्तेमारीवर (शिडाच्या मालवाहू बोटीवर) तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. मंगळूरहून कौलं भरायची आणि वेंगुर्ले, रत्नागिरी, मुंबई करत उतरवायची. परत येताना माल नसला तर पोटात वाळूचं नीरम. ते सांगायचे की वाऱ्यात शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेणं हे खरं काम. परबाण उभं करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं, त्या वेळी शीड क्षणभर मोकळं सुटतं. दामण (शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर) हातातून निसटली तर ती चाबकासारखी येते. आजोबांच्या उजव्या तळव्यावर आडवा एक गुळगुळीत पट्टा होता, तिथे रेषाच नव्हत्या. लहानपणी मी म्हणायचे, आजोबा, तुमचं भविष्य कोणी सांगू शकणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बूड साफ करणं. उधाणाच्या भरतीला फत्तेमारी वर घ्यायची, ओहोटीला ती एका कुशीवर कलते, मग कालवं, शेवाळ खरवडायचं, सुक्या चुडतांचा जाळ करून बूड शेकायचं, आणि वरून चुना-तेल. कॅरिबियनच्या चाच्यांना हे करावं लागत नव्हतं का? तिथलं पाणीही उबदारच.

डोलकाठी

करावं तर लागायचंच, आणि तीच त्यांची सर्वांत दुबळी वेळ. लाकूड पोखरणारा किडा त्या पाण्यात इतका, की दोन-तीन महिन्यांनी बूड बघितलं नाही तर चाळण. शेवाळ धरलं की वेग जातो, आणि वेग गेला की चाच्याकडे उरतंच काय. पद्धत तुमच्या आजोबांचीच. निर्जन खाडी, तोफा-सामान किनाऱ्यावर, जहाज कुशीवर, खरवड, जाळ, मग डांबर-चरबी-गंधक. फरक इतकाच की आजोबांना कोणी शोधत नव्हतं. तोफा वाळूत आणि जहाज आडवं असताना आरमार आलं तर पळणार कुठे? इथेही लहान जहाजच बरं. स्लूप दहा-वीस माणसं ओढून कलती करतात. तीन डोलकाठ्यांच्या शिपला ते लग्नाच्या तयारीइतकं काम. बर्म्युडाच्या स्लूपचं लाकूडही तिथल्या 'सीडर'चं (खरं तर जुनिपरच्या जातीचं), हलकं, आणि सहसा न कुजणारं. म्हणून त्यांना इतकी मागणी.

पानपिसारा

रात्री वाचलं. सूरतेचं 'गंज-ई-सवाई' कोणीच कसं आणलं नाही? औरंगजेबाचं जहाज, हजहून परतताना १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने लुटलं. मुघल इतिहासकार खाफी खान त्या सुमारास सुरतेतच होता. तो लिहितो, जहाजावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या. एव्हरीच्या 'फॅन्सी'वर ४६ तोफा. मग बादशहाचं जहाज हरलं कसं?

डोलकाठी

फॅन्सीची जन्मकथाच बघा. ते 'चार्ल्स द सेकंड' या नावाचं इंग्रजी जहाज. मालकांनी पगार थकवला, खलाशी स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात महिनोन्‌महिने अडकले, आणि मे १६९४ मध्ये एव्हरीच्या पुढाकाराने जहाजच घेऊन पळाले. नंतर वरच्या माड्या कापून काढल्या. त्या काळी हिंदी महासागरात त्याच्याइतकं पळणारं जहाज क्वचितच असेल.

गंज-ई-सवाई त्याच्या उलट. उंच, जड, यात्रेकरू आणि त्यांच्या सामानाने ठासून भरलेलं. लढाईला तोंड लागताच त्याचीच एक तोफ फुटली आणि भोवतालची माणसं गेली. तेवढ्यात फॅन्सीच्या गोळ्याने मोठी डोलकाठी जायबंदी झाली. खाफी खानच्या म्हणण्याप्रमाणे कप्तान खाली पळाला. पुढे काही दिवस जहाजावरच्या बायकांचं जे झालं त्याला कुठल्याही खेळात जागा नाही. सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना बेड्या पडल्या त्या यामुळे. त्याच्या माणसांपैकी पाच जण लंडनला फासावर गेले, एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

रॅलेकर

आणि एव्हरीसारख्यांना पकडायला पाठवला तो कॅप्टन किड! त्याची 'ॲडव्हेंचर गॅली' ही मजेशीर जात. २८७ टन, ३४ तोफा, तीन डोलकाठ्या, आणि शिवाय ४६ वल्ही. वारा पडला तरी चालेल असं. बखरवाल्यांचं वर्णन वाचून मला पहिल्यांदा हेच आठवलं. फक्त बांधणी घाईची झाली होती. सप्टेंबर १६९७ मध्ये किड कारवारला आला तेव्हा काही खलाशी सोडून गेले, आणि पुढच्या वर्षी मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटाला पोचेपर्यंत दिवसरात्र पंप मारावा लागत होता. तिथेच टाकून दिलं.

मग तो निघाला कशावर? जानेवारी १६९८ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर लुटलेल्या 'केदा मर्चंट'वर. त्याचे अवशेष २००७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या कातालिना बेटाजवळ मिळाले, अवघ्या दहा फूट पाण्यात. लाकडाचा तुकडा तपासला तर साग. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा. लंडनचं नवंकोरं जहाज तीन वर्षांत सडलं, आणि आपल्या सागाचं अर्धं जग पार करून कॅरिबियनला पोचलं.

बखरवाला

हा प्रतिसाद मी फ्रेम करून लावणार आहे.

शंकासुर

शेवटची शंका. लांबून जहाज ओळखायचे कसे? दुर्बिणीतून स्लूप का ब्रिग ते कळत असेल, पण मित्र का शत्रू हे?

डोलकाठी

बऱ्याचदा कळत नसे, आणि त्यावरच जीव जायचे. फेब्रुवारी १७२२, आफ्रिकेच्या केप लोपेझपाशी बार्थोलोम्यू रॉबर्ट्सची जहाजं नांगरलेली. 'स्वॅलो' हे ५० तोफांचं इंग्रज लढाऊ जहाज आलं. वाटेत उथळ दांडा लागला म्हणून त्याने तोंड फिरवलं. चाच्यांना वाटलं, व्यापारी आहे, घाबरून पळतंय! त्यांनी 'रेंजर' नावाचं जहाज मागे सोडलं. स्वॅलो मुद्दाम सावकाश गेलं, बाकीच्यांच्या नजरेआड झालं, आणि तिथे रेंजरला धरलं. पाच दिवसांनी परत येऊन रॉबर्ट्सला गाठलं. पहिल्या काही माऱ्यांतच तो गेला. शेकडो जहाजं लुटलेला माणूस, शेवटी एक जहाज ओळखायला चुकला.

सागरगोटा

मंडळी, भाच्याने मोबाइल ठेवला आणि मॉडेल करायला घेतलंय. शहाळ्याची करवंटी म्हणजे सांगाडा, अगरबत्तीच्या काड्या, माझा जुना रुमाल. मी गुराब सुचवली, पण चोच जमेना. शेवटी स्लूप. डोलकाठीकाका, पुढची ती भाल्यासारखी काठी किती लांब ठेवू?

डोलकाठी

बघणाऱ्याला विजोड वाटेल इतकी लांब. जरा वर उचललेली. आणि डोलकाठी सरळ नको, किंचित मागे झुकवा.

खट्याळ मांजर

आणि झेंडा? हाडं-कवटीवाला?

डोलकाठी

तो शेवटच्या क्षणी चढायचा. जवळ जाईपर्यंत समोरच्याच्या ओळखीचा कुठलातरी, इंग्लंडचा नाहीतर फ्रान्सचा.

सागरगोटा

सांगितलं त्याला. काठीवर इंग्लंडचा चिकटवला आहे, आणि काळा करवंटीच्या आत घडी करून ठेवलाय.